शंभर वर्षं थांबलेली नाणी आणि बिस्किटाचा डबा

मी जामनेरहून बोलतोय. इकडे कपाशीची वेचणी सुरू झालीये, दिवाळी तोंडावर आलीये, आणि माझ्या डोक्यात मात्र महिनाभर डेन्मार्कमधली नाणी फिरतायत. हसू नका. आज त्याच्यावरच बोलायचंय, आणि बोलता बोलता विषय तुमच्या घरातल्या कपाटापर्यंत येणार आहे. तेव्हा इअरफोन नीट लावा.

लिलाव आपल्याला काही नवीन नाही. बाजार समितीच्या आवारात मक्याचा ढीग ओतलेला असतो, व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, एक दाताखाली फोडून बघतो आणि बोली सुरू होते. शेतकरी बाजूला उभा असतो. त्याला आजच विकायचं असतं, कारण ट्रॅक्टरचं भाडं आहे, घरी कुणाची तरी उधारी आहे. केळीचं तर विचारूच नका. रावेर-सावद्याकडचा माणूस सांगेल तुम्हाला, घड कापला की माल थांबत नाही. म्हणजे आपल्याकडच्या लिलावात घाई असते ती विकणाऱ्याला. घेणाऱ्याला नसते. आणि भाव तिथेच पडतो.

आता याच्या बरोब्बर उलटी गोष्ट ऐका.

डेन्मार्कमध्ये लार्स एमिल ब्रून नावाचा एक माणूस होता. जन्म १८५२ चा. धंदा कसला? लोण्याचा. लोणी विकून, परदेशी पाठवून तो गडगंज झाला. पण लहानपणी, सात वर्षांचा असताना, त्याच्या काकांच्या पश्चात काही नाणी त्याच्याकडे आली होती. तिथून जो नाद लागला तो आयुष्यभर सुटला नाही. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनची नाणी, पदकं, नोटा असं करत करत जवळजवळ २०,००० नगांचा संग्रह झाला.

१९२३ साली ब्रून वारला. त्याच्या आधी त्याने पहिलं महायुद्ध बघितलं होतं. युरोपातली शहरं कशी बेचिराख होतात हे बघितलं होतं. त्याला वाटलं, उद्या आपल्या देशाच्या राष्ट्रीय संग्रहावर बॉम्ब पडला तर? म्हणून त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं की माझा संग्रह १०० वर्षं विकायचा नाही. राष्ट्रीय संग्रहाला काही झालं, तर माझी नाणी त्याची जागा घेतील. आणि १०० वर्षांनी तो शाबूत असेल, तर माझी नाणी लिलावात काढा आणि पैसे माझ्या वारसांना द्या.

विचार करा. १०० वर्षं! दुसरं महायुद्ध झालं, जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या, आणि गेल्यासुद्धा. ब्रूनची पोरं गेली, नातवंडं म्हातारी झाली. कोट्यवधींची नाणी आपल्या नावावर आहेत हे माहीत असूनही त्यातलं एक नाणं कुणाला मोडता आलं नाही. नाण्यांच्या नादातली जगभरची माणसं मात्र त्या तारखेवर डोळे लावून बसली होती. कारण बाहेरच्या बहुतेकांनी ही नाणी प्रत्यक्ष पाहिलेलीच नव्हती.

मुदत संपली २०२३ ला. पहिला लिलाव झाला १४ सप्टेंबर २०२४ ला, कोपनहेगनमध्ये. स्टॅक्स बॉवर्स नावाच्या कंपनीने केला. संग्रहाचा विमाच ५० कोटी क्रोनरचा, म्हणजे आपले ६०० कोटींच्या आसपास. पहिल्या फेरीत फक्त २८६ नग ठेवले होते. त्यांचे मिळून दीड कोटी युरोच्या जवळपास झाले. त्यातलं हान्स राजाचं १४९६ सालचं एक सोन्याचं नाणं एकटंच १२ लाख युरोंना गेलं. आपल्या पैशात अकरा कोटींहून जास्त. आणि हे तर सुरुवातीचं. बाकीचा संग्रह त्यानंतरची काही वर्षं टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलं. म्हणजे ज्यांनी वाट पाहिली, त्यांना अजून पाहायचीय.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, लोण्याच्या शेठच्या नाण्यांशी आपलं काय घेणंदेणं?

घेणंदेणं असं, की मला त्या अकरा कोटींपेक्षा दुसरीच गोष्ट टोचली. २०,००० नगांचा संग्रह आता फुटणार. एक नाणं अमेरिकेत, एक स्वीडनला, एक कुणाच्या तरी तिजोरीत. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने शहाणपणा केला. लिलावाच्या आधीच, आपल्याकडे नसलेली सात नाणी विकत घेऊन ठेवली. बाकीची पांगणार. पण पांगताना प्रत्येकाबरोबर एक ओळ जाणार: ‘ब्रून संग्रहातलं’. मालाची जात आणि गाव विचारून आपण भाव करतो ना, तसं. नाणं कुणाकडे होतं, कुठून आलं, कधी घेतलं, याची नोंद जितकी पक्की, तितका त्याला मान आणि मोलही.

नाणी एकत्र असली की काय होतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी नावाचं गाव आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. एकदोन नाही, तेरा हजारांच्या वर नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपानाची, त्याचा चेहरा असलेली. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर, त्या चेहऱ्यावरच, दुसऱ्या राजाने आपली चिन्हं ठोकलेली होती. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. नहपानाला हरवलं, त्याची नाणी गोळा केली आणि त्यावर आपला ठसा मारून पुन्हा बाजारात सोडली. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात क्षहरातांचा नाश केला असं कोरलेलं आहेच, पण इथे चांदीच साक्षीला उभी राहिली.

आता समजा, ती नाणी ज्याला सापडली त्याने गुपचूप वाटून टाकली असती. पाचपन्नास पाव्हण्यांना, बाकी सोनाराला. एखाद्या घरात एकच ठोकलेलं नाणं राहिलं असतं, आणि लोक म्हणाले असते, खराब झालंय, चेहरा नीट दिसत नाही, वितळवून टाका! एक नाणं फार तर हुंकार देतं. तेरा हजार नाणी एका जागी असली, की गोष्ट सांगतात.

आता आमच्या घरातलं सांगतो. आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. १ एप्रिल १९५७ ला आपल्या देशात नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन १०० नये पैसे झाले. त्यानंतर कितीतरी दिवस लोक दुकानात जुन्या चवल्या, पावल्या, ढब्बू पैसे आणि कधीमधी बंदा चांदीचा रुपयाही घेऊन यायचे. आजोबा त्यातली वेगळी दिसणारी नाणी गल्ल्यातून काढून बाजूला ठेवायचे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. आजोबा गेले, डबा माळ्यावर राहिला. या गणपतीत तो खाली आला आणि घरात वाटणीचा विषय निघाला.

डब्यात ६३ नाणी. त्यातले ३८ चांदीचे रुपये. वारस तीन: बाबा, काका आणि आत्या. काकांच्या मुलाची कॉलेजची फी भरायचीय, आणि ती गरज खोटी नाही. काकांनी जळगावला एका दुकानात विचारलं. त्याने वजनावर हिशोब सांगितला: जुना रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात बारातले अकरा भाग चांदी. सगळे मिळून तेव्हाच्या भावाने पस्तीस हजारांच्या आसपास. आत्या म्हणाली, “पैसा येतो नि जातो. बाबांच्या हातचं परत येनार नाही.” बाबा काहीच बोलले नाहीत. तुमच्याही घरी अशी बैठक झाली असेल. एकाचं बरोबर नि दुसऱ्याचं चूक, असं नसतं त्यात.

मी फक्त एवढं म्हटलं, की विकायचं की नाही ते दिवाळीला ठरवू. आधी यादी करू.

दोन रात्री बसलो. प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो, साल, वजन. बहुतेक रुपये व्हिक्टोरिया राणीचे, काही एडवर्डचे, काही पंचम जॉर्जचे. त्यात एक १९११ चा निघाला. त्या सालच्या नाण्याची मजा माहितीये? राजाच्या झग्यावर हत्ती कोरलेला होता, पण तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली. सरकारने जेवढी नाणी परत घेता आली तेवढी घेतली, वितळवली, आणि पुढच्या वर्षीपासून हत्तीची सोंड नीट काढली. म्हणून १९११ चा रुपया कमी सापडतो. तराजूला मात्र हे कळत नाही. तराजूवर १९११ आणि १९१२ सारखेच. आमचा अस्सल आहे की नाही ते जाणकाराला दाखवायचंय. पण यादीच केली नसती, तर विचारायचं काय हेही कळलं नसतं.

आणि डब्याच्या तळाशी एक पुडी होती. पाच तांब्याची नाणी, आणि त्याभोवती वहीच्या कागदाचा तुकडा. आजोबांचं अक्षर: ‘फत्तेपूर बाजार, सन ५८’. बस, इतकंच. त्या पाच नाण्यांना बाजारात फारसा भाव नसेल. पण आमच्या तालुक्यातल्या एका बाजारात, नवे पैसे येऊन वर्ष झाल्यावरही, कुठली जुनी नाणी हातोहात फिरत होती, हे त्या चिठ्ठीने सांगितलं. नाणी वजनावर गेली असती, तर चिठ्ठी पहिल्यांदा केरात गेली असती.

माझं मत विचाराल तर, गरज असेल तर नाणी विकावीत. पोराची फी नाण्यापेक्षा छोटी नाही. ब्रूननेही शेवटी विकायलाच सांगितलं ना! पण विकण्याआधी नोंद हवी, आणि जे एकत्र सापडलं ते शक्यतो एकत्र राहावं. ती फत्तेपूरची पुडी फोडायची नाही, एवढं मी बैठकीत मांडणार आहे. बाकी मोठ्यांनी ठरवायचं.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. लिहून घ्या.

पहिली. लक्ष्मीपूजनाला जुने रुपये ताटात मांडाल, तेव्हा ते चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. चकचकीत होतात खरे, पण वरचा जुना थर जातो, बारीक चरे पडतात आणि जाणकाराच्या नजरेत मोल उतरतं. मऊ कापडाने धूळ टिपा, पुरे.

दुसरी. ‘वैष्णोदेवीचं नाणं द्या, दहा लाख घ्या’ असले व्हिडिओ तुम्हाला येतच असतील. समोरचा आधी नोंदणी फी, कर, कमिशन मागतो, रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय की आम्ही असल्या व्यवहारात नसतो आणि असली फी कधी मागत नाही. जो विकत घेणार, तो पैसे देतो. तुमच्याकडून मागत नाही. इतकं साधं आहे.

तिसरी, कायद्याची. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ते परदेशी पाठवता येत नाही, कुरियरने तर नाहीच. आणि नांगरताना, विहीर खणताना जमिनीत नाणी सापडली, तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जोगळटेंभी आठवा. शेतातली नाणी वाटून घेणं म्हणजे पुस्तकाची पानं फाडून वाटणं.

चौथी. नाशिकला कामाने गेलात तर वाट वाकडी करून त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला जा. परमेश्वरीलाल गुप्त या मोठ्या अभ्यासकाने १९८० साली उभी केलेली नाणकशास्त्राची संस्था आणि संग्रहालय तिथे आहे. जुनी नाणी कशी मांडतात, कशी वाचतात, हे काचेतून बघितलं की आपल्या डब्याकडे बघायची नजर बदलते.

आणि हे सगळं करायला कोट्यवधी लागत नाहीत. तुमच्या हातात जो फोन आहे, ज्यावर हे ऐकताय, त्यातच कॅमेरा आहे. आजीला विचारा, ही माळेतली पुतळी कुठून आली, हा रुपया कुणी दिला. ती सांगेल ते रेकॉर्ड करा, नाण्याच्या फोटोखाली लिहा. नाणी आपल्याआधीही होती, आपल्यानंतरही कुणाकडे तरी असतील. त्यांची गोष्ट सांगणारं माणूस मात्र तेवढं थांबत नाही.

तुमच्या डब्यात काय निघालं ते मला आवाजी निरोपात सांगा. पुढच्या भागात त्यातलेच काही ऐकवतो. भेटू या. राम राम!