घड्याळ कोणतं घ्यायचं?

(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचतर्फे शाळेला क्रीडादिनासाठी वेळ मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र भेट द्यावं, असं समितीने जवळजवळ ठरवलं आहे. मी इंजिनिअर, त्यात शर्यतींची वेळ नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काही वर्षं काम केलेली, तेव्हा "कोणतं घ्यायचं ते तू सांग" असं फर्मान निघालं. माझी धावण्यातली गती पी.टी.च्या सरांना आठवत असेलच. म्हणूनच तर ते माझ्या हातात स्टॉपवॉच द्यायचे. त्या स्टॉपवॉचची एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, ती आधी सांगते.

आपण नववीत होतो. शाळेच्या मैदानात १०० मीटर सरळ बसत नाहीत, म्हणून निवड चाचणी पालिकेच्या मैदानावर झाली. मुली बारा, आखलेल्या लेन सहा. त्यामुळे दोन हीट झाल्या आणि वेळेनुसार पहिल्या चौघी आंतरशालेय स्पर्धेला जाणार होत्या. पहिल्या हीटची वेळ मी घेतली, दुसरीची दहावीतल्या एका दादाने. माझ्या हीटमध्ये दुसरी आलेली आपली मैत्रीण (नाव घेत नाही, ती समोरच बसली आहे आणि आत्ताच डोळे वटारते आहे) १४.६ सेकंदांत आली. दुसऱ्या हीटमधल्या एकीची वेळ १४.४ लागली. चौथी जागा तिला गेली, आपली मैत्रीण पाचवी. पुढच्या वर्षी तिने नावच दिलं नाही.

मी घड्याळ सुरू केलं ते क्लॅपरच्या दोन फळ्या मिटताना पाहून. तो दादा दोरीकडे बघत उभा होता, त्याने आवाज ऐकून बटण दाबलं. मला हे त्या दिवशीही दिसलं होतं, पण त्यात काही बिघडतं हे कळलं नव्हतं. बिघडतं ते असं. आवाज सेकंदाला साधारण ३४० ते ३५० मीटर जातो. म्हणजे १०० मीटरवरच्या माणसापर्यंत पोचायला त्याला जवळपास ०.२९ सेकंद लागतात. तेवढ्या उशिरा घड्याळ सुरू, तेवढी वेळ कमी. आवाजाला आपण दृश्यापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देतो, ती वजाबाकी केली तरी पाव सेकंद उरतो. १४.४ मध्ये पाव सेकंद मिळवा. हे गणित बाईंनी आठवीत शिकवलेल्या ध्वनीच्या धड्यातलं आहे, आणि मला ते सुचलं इंजिनिअर होऊन दहा वर्षं झाल्यावर.

तिची निवड व्हायलाच हवी होती असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. हाताने घेतलेल्या वेळेत दोन दशांशांची चूक सहज होते. पण त्या दोघी एकमेकींशी धावल्याच नव्हत्या, धावली ती दोन माणसांची घड्याळं.

असंच ज्या खेळात नेहमी घडतं तो मला कामामुळे भेटला. बर्फावरची लांब पल्ल्याची स्कीइंग शर्यत. आपल्याकडे गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ होतात, त्यात ती असते. तिच्या एका प्रकारात खेळाडू अर्ध्या अर्ध्या मिनिटाने एकेकटे सुटतात. जो आधी शेवटाला पोचला तो जिंकला असं नसतंच, सगळा निकाल घड्याळावर. म्हणून तिथले नियम वाचताना मला आपलं मैदान आठवत होतं. मोठ्या स्पर्धेत एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लागतात, दोन्ही एकाच वेळेला जुळवलेल्या. शिवाय हातात स्टॉपवॉच घेतलेली माणसं असतातच. कडाक्याच्या थंडीत बॅटरी कधी मान टाकेल याचा नेम नसतो. शेवटच्या रेषेवरचा प्रकाशकिरण बर्फापासून २५ सेंटिमीटर उंचीवर. घोट्याला बांधलेली चिप वाटेतल्या वेळा सांगते, पण सगळे एकदम सुटतात त्या शर्यतीत चुरस झाली तर शेवटचा शब्द फोटोचा. त्यात बघायचं ते बुटाचं टोक.

१९८० मध्ये लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटरच्या शर्यतीत स्वीडनच्या थॉमस वासबर्गला ४१ मिनिटं ५७.६३ सेकंद लागले आणि फिनलंडच्या युहा मिएतोला ५७.६४. एक शतांश! त्यांच्या वेगाने ते अंतर भरतं सहा सेंटिमीटर, तेही १५ किलोमीटरमध्ये, आणि वेगवेगळ्या वेळी सुटलेल्या दोघांत. त्यानंतर त्या खेळाच्या संघटनेने यंत्र आणखी बारीक केलं नाही. उलट या शर्यतींची वेळ दशांशापर्यंतच धरायची असं ठरवलं. मला हा निर्णय फार आवडतो. यंत्राला दिसतं ते सगळं खरं मानायचंच असं नाही.

उलटं उदाहरण आपल्या बीडच्या अविनाश साबळेचं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याला ८:११.२० लागले, सुवर्ण जिंकणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोटला ८:११.१५. फरक साधारण फूटभर अंतराचा. पण इथे दोघं एकाच वेळी सुटले, एकाच रेषेवर आले, एकाच कॅमेऱ्यात दिसले. रौप्य मिळालं, हळहळ वाटली, तक्रार करायला मात्र जागा नव्हती.

आता समितीच्या यादीकडे वळते. तिच्यात पहिलं आहे मुंबई मॅरेथॉनसारखं चिप आणि मॅट. ते आपल्या कामाचं नाही. हजारो माणसं सुरुवातीची रेषा ओलांडायलाच कितीतरी मिनिटं घेतात, तिथे प्रत्येकाची स्वतःची वेळ मोजायला चिप उत्तम. १०० मीटरच्या धावेत नियम छाती रेषेवर कधी आली ते बघायला सांगतो आणि चिप असते बुटाला नाहीतर नंबराच्या कागदाला. दुसरं आहे प्रकाशकिरणाचं यंत्र. सहा मुली एकदम आल्या की किरण पहिलीचा हात लागूनही तुटतो, मागच्या कोण ते त्याला कळत नाही. शिवाय ते वर्षातून एकदा निघणार. आकुर्ली रोडवर साईच्या केंद्रात सराव करणाऱ्यांना रोज लागेल अशी वस्तू आपल्या कपाटात गंजत ठेवण्यात काय अर्थ आहे?

माझं मत असं. चांगली तीन स्टॉपवॉच घ्या. पहिल्या क्रमांकाची वेळ तिघांनी घ्यायची आणि मधली धरायची. दोन घड्याळं जुळली तर ती धरायची. सुरुवात करणाऱ्याला उंच स्टूल आणि लाल झेंडा द्या, आणि तिघांनीही झेंडाच बघायचा, कान बंद. प्रत्येक हीटला तेच तिघं. क्रमांकांसाठी शेवटच्या रेषेच्या अगदी सरळ रेषेत तिपाईवर एक मोबाईल लावा, स्लो मोशनवर. सेकंदाला २४० चित्रं निघतात, शाळेला पुरून उरतात. उरलेल्या पैशांत लेन नीट आखून घ्या आणि ज्यांना हवेत त्यांना बूट.

हे सगळं ठरवण्याआधी मी गेल्या आठवड्यात त्या मैत्रिणीला फोन केला आणि पाव सेकंदाचं गणित सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, मला इतकी वर्षं वाटत होतं की मी शेवटच्या दहा मीटरमध्ये ढिली पडले." मी माफी मागितली तर म्हणाली, माफी त्या दादाने मागावी, आणि तो कुठे असतो ते शोध. तो काही अजून सापडलेला नाही.

डिसेंबरच्या क्रीडादिनाला तिसरं स्टॉपवॉच ती धरणार आहे. फक्त साडेनऊनंतर, त्याआधी तिच्याकडे डब्यांची गडबड असते, तेव्हा सर, १०० मीटरच्या हीट तेवढ्या नंतर ठेवा.