फोननंतर दारात कोण येणार?



2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातले 21वे कलम फारसे कोणी वाचत नाही. शारीरिक आजाराच्या रुग्णाला ज्या दर्जाची तातडीची सेवा मिळते, त्याच दर्जाची सेवा मानसिक आजाराच्या रुग्णालाही मिळाली पाहिजे, असे ते सांगते. एवढ्यावर न थांबता ते रुग्णवाहिकेचा वेगळा उल्लेख करते. तीही त्याच पद्धतीने, तितक्याच प्रमाणात आणि त्याच दर्जाची मिळायला हवी. हा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. आज मी बोलणार आहे ते या एका कलमाला आपल्या राज्यात हातपाय कसे फुटतील, याबद्दल.

छातीत कळ आली तर काय करायचे, हे आता खेड्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. 108 लावायचा. 2014 साली ही सेवा सुरू झाली ती 937 गाड्यांची आणि गाडीवर डॉक्टर, अशी तिची आखणी होती. महाराष्ट्राने केलेल्या चांगल्या कामांत मी तिची गणना करतो. पण घरातला तरुण मुलगा चार रात्री झोपलेला नाही, कोणीतरी आपल्याला मारायला येणार म्हणून आतून कडी लावून बसला आहे, आई दार वाजवते आहे आणि आतून फक्त भांडी आपटल्याचा आवाज येतो आहे, अशा वेळी घरचे कोणाला फोन करतात? आधी मामाला. मग गल्लीतल्या चार दांडग्या पोरांना. मग जीपवाल्याला. तेवढ्यात कोणी म्हणते, बाहेरचे दिसते, देवऋषाला विचारा. पहाटेपर्यंत पोराचे हातपाय दोरीने बांधलेले असतात. मानसिक रुग्णाला साखळदंडात ठेवायला याच कायद्याच्या 95व्या कलमाने पूर्ण बंदी केली आहे. पण त्या रात्री दोरी हातात घेणाऱ्या बापाला आपण समाज म्हणून दुसरा कोणता मार्ग दाखवला होता? मी त्या बापाला दोष देऊ शकत नाही.

मार्गाचा पहिला टप्पा तयार झाला आहे, हे आधी मोकळेपणाने सांगितले पाहिजे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी टेलि-मानस सुरू झाले. क्रमांक 14416. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था त्याच्या मुळाशी आहे. 2025 पर्यंत देशभरातून 20 लाखांहून अधिक फोन या सेवेकडे आले. लोक बोलायला तयार नाहीत, हा आपला जुना समज या आकड्याने खोटा ठरवला. ज्यांनी अजून हा क्रमांक मोबाइलमध्ये साठवला नसेल त्यांनी आत्ता, मी बोलत असतानाच, साठवावा.

फोनवरचा समुपदेशक ऐकून घेतो, धीर देतो, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. पुष्कळांची रात्र एवढ्याने निभावते. पण कडी लावून बसलेला तो मुलगा फोन घेणार नाही. ज्याने स्वतःला इजा करून घेतली आहे आणि बोलणेच बंद केले आहे, त्याच्या कानाशी फोन धरून उपयोग नाही. अशा माणसापर्यंत कोणीतरी जावे लागते. आपल्याकडे जाणारा एकच आहे, तो म्हणजे 112वरून निघालेला पोलीस.

पोलिसांची बाजूही मांडली पाहिजे. कायद्याचे 100वे कलम त्यांच्यावर मोठी जबाबदारी टाकते. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा कोणी भटकताना आढळला, तर त्याला संरक्षणात घ्यायचे, जास्तीत जास्त 24 तासांत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचे आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवायचे नाही. हे करायला ठाण्यात माणसे किती, गाडी कोणती, प्रशिक्षण कोणी दिले? रात्रपाळीचा हवालदार चोरीचा तपास सोडून येतो, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला दारात खाकी दिसते. ‘मला पकडायला येणार आहेत’ हा त्याचा भास त्या क्षणी खरा होतो.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात 1987 साली अशाच एका घरगुती बोलावण्यावर गेलेल्या पोलिसांच्या गोळीने एक मनोरुग्ण तरुण मेला. पुढच्या वर्षी तिथे निवडक पोलिसांना 40 तासांचे खास प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली आणि ती पद्धत अमेरिकाभर पसरली. ती चांगलीच आहे. तरी माझा कल त्याच देशातल्या युजीन या लहानशा शहराकडे आहे. ओरेगन राज्यातले हे शहर. 1989 साली तिथल्या व्हाइट बर्ड क्लिनिकने ‘कहूट्स’ नावाची सेवा सुरू केली. एक व्हॅन, तिच्यात दोन माणसे. एक परिचारिका किंवा रुग्णवाहिकेवरचा प्रशिक्षित कर्मचारी, दुसरा संकटात सापडलेल्या माणसाशी बोलण्यात तयार झालेला कार्यकर्ता. हत्यार नाही, गणवेश नाही. बोलावणे मात्र पोलीस-अग्निशमनाच्या त्याच नियंत्रण कक्षातून यायचे. लोकांना वेगळा क्रमांक शोधावा लागत नसे. 2019 साली या व्हॅनकडे सुमारे 24,000 बोलावणी आली, आणि त्यांतल्या फार थोड्या ठिकाणी त्यांना पोलिसांची कुमक मागवावी लागली. स्वीडनमधल्या स्टॉकहोमने 2015 साली रुग्णवाहिकेचेच मानसोपचारासाठी रूपांतर केले. तिच्यात मानसोपचाराच्या दोन परिचारिका आणि रुग्णवाहिकेवरचा एक कर्मचारी असतो. दोन्हीकडे गाडीत मानसोपचारतज्ज्ञ बसलेला नाही, हे लक्षात घ्या. आपल्याकडे लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही म्हणून काही करता येत नाही, असे जे वारंवार ऐकवले जाते त्याला हे उत्तर आहे.

अशा गाडीतली दोन माणसे दारात येऊन करतात काय? सगळ्यात आधी गर्दी पांगवतात. अंगणात जमलेले वीस जण, मोबाइल रोखून उभी पोरे, रडणारी मावशी, सगळ्यांना बाजूला नेतात. मग दोघांपैकी एकच बोलतो. उभ्याने बोलत नाही, समोर बसून बोलतो. दरवाजा अडवत नाही, बाहेर जायची वाट त्या माणसाला दिसत राहील अशी जागा घेतो. ‘तुम्हाला भास होतात’ असे सांगत नाही. भीती वाटते का, जेवलात का, पाणी हवे का, हे विचारतो. यात अर्धा तास जाईल, दोन तासही जातील. पोलिसाकडे नसतो आणि आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरकडेही नसतो, तो हा वेळ. अशी सेवा खरे तर हा वेळच पुरवते.

दुसरा माणूस तेवढ्यात शरीर तपासतो. हे मी जोर देऊन सांगतो, कारण वेडासारखे दिसणारे सगळे मनाचे नसते. रक्तातली साखर उतरली की शांत माणूस शिवीगाळ करतो. म्हातारपणी अंगातले सोडियम कमी झाले, लघवीत जंतुसंसर्ग झाला, की आजोबा मध्यरात्री उठून गोठा शोधू लागतात. आणि दारू. श्रावण लागला म्हणून किंवा माळ घातली म्हणून रोज भरपूर पिणारा माणूस दारू एकदम सोडतो. तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात. घरचे म्हणतात, देवाचे काही चुकले. प्रत्यक्षात तो जिवावर बेतणारा वैद्यकीय प्रसंग असतो आणि त्याला त्याच रात्री रुग्णालय लागते. बांधून मांत्रिकाकडे नेलेला असा रुग्ण दगावू शकतो. गाडीत साखर तपासण्याचे यंत्र, तापमापक आणि रक्तदाबाचे यंत्र असले आणि ते वापरणारे हात असले, तर तो वाचू शकतो.

कायद्याने वाट मोकळी ठेवली आहे. 94व्या कलमानुसार तातडीचा उपचार कोणताही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक करू शकतो, तोही रुग्णालयातच करावा अशी अट नाही. मर्यादा 72 तासांची आणि विजेच्या झटक्यांना मनाई. म्हणजे 108चा डॉक्टर, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली परिचारिका आणि समाजसेवक, फोनवर टेलि-मानसचा तज्ज्ञ, ही जोडणी आजच्या कायद्यात बसते. नवे खाते लागत नाही. जिल्हा कार्यक्रमातली ही माणसे दिवसा बाह्यरुग्ण विभागात बसतात. त्यांच्यासारखी आणखी माणसे नेमून त्यांची संध्याकाळची आणि रात्रीची पाळी लावावी लागेल. 108 आणि 112 या दोन्ही नियंत्रण कक्षांत फोन घेणाऱ्याला चार प्रश्न शिकवावे लागतील: हत्यार आहे का, इजा झाली आहे का, नशा केली आहे का, यापूर्वी कधी असे झाले होते का. हत्यार असेल तर पोलीस सोबत जातील. नसेल तर गाडी एकटी जाईल.

गाडीत बसवून न्यायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. आपली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. परभणीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाने काय करायचे? इटलीत 1978 साली मानसोपचारतज्ज्ञ बसाग्लिया यांच्या चळवळीतून 180 क्रमांकाचा कायदा झाला, मोठी मनोरुग्णालये बंद होत गेली आणि त्रिएस्ते शहरात वस्तीवस्तीत चोवीस तास उघडी, मोजक्या खाटांची केंद्रे उभी राहिली. आपल्या उपजिल्हा रुग्णालयांत पाच खाटा आणि कुलूप नसलेली एक खोली एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. घरी येणारी गाडी ही माणसे उचलून नेणारी गाडी होऊ शकते. पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर यांनी सक्तीच्या उपचारांविरुद्ध आयुष्यभर लिहिले आणि भांडण मांडले. त्यांच्या काही मतांशी माझा वाद आहे. पण या आजारातून गेलेली माणसे निर्णयाच्या टेबलावर बसली पाहिजेत, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. या सेवेवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्हा समितीत अशी किमान दोन माणसे नसतील तर ती सुरूच करू नये.

आणि पैसा. युजीनमधली ती सेवा छत्तीस वर्षे चालली आणि एप्रिल 2025 मध्ये शहरातून बंद पडली. लोकांना ती नको होती म्हणून नव्हे. पैशांची घडी बसेना म्हणून. संस्थेच्या करारावर आणि वर्षावर्षाच्या मंजुरीवर तोललेली गोष्ट कधीही कोसळू शकते. आपल्याकडे ही सेवा राज्याच्या अर्थसंकल्पात, 108च्याच शीर्षाखाली, स्वतःच्या ओळीने आली पाहिजे.

2022 साली आपल्या राज्यात 22,746 आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वाधिक. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय धोरणाने 2030 पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण दहा टक्क्यांनी खाली आणण्याचे ठरवले आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुन्या दंड संहितेतले 309वे कलम नव्या न्यायसंहितेत नाही, तरी ‘पोलीस केस होईल’ या भीतीने आजही घरे गप्प राहतात. वर्दी नसलेली गाडी ही भीती कमी करेल, असा माझा विश्वास आहे.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. पहिल्या वर्षी तीन जिल्हे: एक विदर्भातला, एक मराठवाड्यातला, एक कोकणातला. प्रत्येकी दोन गाड्या, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. दर महिन्याला जिल्हा शल्यचिकित्सकांनी तीन आकडे रुग्णालयाच्या फलकावर लावावेत: किती जणांची अडचण घरीच निवळली, किती जणांना बांधलेल्या अवस्थेत पाहिले, आणि पहिल्या भेटीनंतर तीन दिवसांच्या आत गाडीतली माणसे पुन्हा किती घरी जाऊन आली. यातला तिसरा आकडा मी सर्वात आधी पाहीन.