शुद्ध कोण, गाय की तूप?

'येथे शुद्ध गाईचे तूप मिळेल' ही पाटी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. शुद्ध काय, गाय की तूप, असं विचारलं तर दुकानदारही हसेल. 'गाईचे शुद्ध तूप' लिहिलं की प्रश्न मिटतो. मराठीत असं थोडंफार चालून जातं, कारण शब्दांची नाती बरीचशी प्रत्ययांवरून कळतात. इंग्रजीत ते काम मुख्यतः जागा करते. म्हणून कुणाचा इंग्रजी अर्ज वाचताना आम्ही स्पेलिंगच्या आधी हे बघतो, की कोणता शब्द कोणाशेजारी बसलाय.

आपला 'च' घ्या. 'मीच दोन गोळ्या घेतल्या' आणि 'मी दोनच गोळ्या घेतल्या' यात केवढा फरक! 'च' ज्या शब्दाला चिकटतो, त्याचाच होतो. इंग्रजीतला 'ओन्ली' मात्र सुटा फिरतो. बोलताना आवाजाच्या जोरावर भागतं, पण कागदाला आवाज नसतो. 'आय टुक ओन्ली टू टॅब्लेट्स' म्हणजे दोनच. 'ओन्ली आय टुक टू टॅब्लेट्स' म्हणजे दोन गोळ्या घेणारी मी एकटीच.

पैशाच्या कागदात जपायचं ते 'ऑलमोस्ट'ला. गटातल्या ताईंनी जवळजवळ दहा हजार फेडलेत. लिहिलं, 'शी ऑलमोस्ट पेड टेन थाउजंड रुपीज'. वाचणारा साहेब म्हणेल, म्हणजे फेडता फेडता राहिल्या! एक रुपयाही भरला नाही, असाही अर्थ निघतो. 'शी पेड ऑलमोस्ट टेन थाउजंड रुपीज' लिहा. शब्द तेच आहेत, फक्त 'ऑलमोस्ट' रकमेशेजारी आला.

बचत गटाच्या अहवालातलं आणखी एक वाक्य बघा: 'वी गेव्ह लोन्स टु विमेन विथ लो इंटरेस्ट'. व्याज कमी, की बायकांना आवड कमी? इंग्रजीत व्याज आणि आवड दोन्हींना 'इंटरेस्ट'च म्हणतात ना. 'लोन्स अॅट लो इंटरेस्ट' असं व्याजाला कर्जाशेजारी बसवा, 'टु विमेन' मागाहून येऊ द्या.

सगळ्यात फसवं म्हणजे आपलं '-ताना'. 'कपडे धुताना पाणी गेलं' हे मराठीत अगदी बरोबर. तेच शब्दाला शब्द ठेवून 'वॉशिंग द क्लोद्ज, द वॉटर स्टॉप्ड' लिहिलं, तर कपडे पाणीच धूत होतं असं होतं. सुरुवातीचा 'इंग'वाला तुकडा पुढच्या कर्त्याला जाऊन चिकटतो. 'कपडे धुऊन पाणी गेलं' हे आपल्या कानाला खटकतं, कारण धुणारी आणि जाणारी एकच हवी. तो 'इंग' आपल्या 'धुऊन'च्या जातीचा समजा. मग धुणारीला वाक्यात आणायचं: 'व्हाइल आय वॉज वॉशिंग द क्लोद्ज, द वॉटर स्टॉप्ड'. पाणीपुरवठ्याची तक्रार लिहिणार असाल, तर हे वाक्य असंच उतरवून घ्या.