शुश्रूषेचे पाच गुण आणि नर्सिंग होमची पारख

(बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे. तेव्हा रोगांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण आजारी माणसाला ज्या दारात न्यायचे ते दार आधी पारखून घ्यावे, एवढे सांगण्याचा अधिकार मला माझ्या एका चुकीने दिला आहे. ती चूक आधी सांगतो.

बारा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला बाळंतपणासाठी आम्ही एका खासगी नर्सिंग होममध्ये नेले. तेच का निवडले? ओळखीच्या रिक्षावाल्याने सांगितले, फरशी चकचकीत होती आणि डॉक्टर गोड बोलत होते. मुलगी झाली, पेढे वाटले, डॉक्टर घरी गेले. रात्री बहिणीला रक्तस्राव सुरू झाला. ड्युटीवर पांढरा कोट घातलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, "एवढं होतंच." ती नर्स नव्हती, महिन्यापूर्वी कामाला लागलेली शिकाऊ पोर होती, हे आम्हाला नंतर कळले. डॉक्टर येईपर्यंत दोन तास गेले. रक्ताची सोय नव्हती. पहाटे तिला मिरजेच्या सरकारी रुग्णालयात हलवले. तिथे जीव वाचला, पण गर्भपिशवी काढावी लागली. तेव्हा तिचे वय तेवीस होते.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "दादा, तू बँकेत लोकांचे कागद तपासतोस ना?" मला उत्तर देता आले नाही. पन्नास हजारांच्या कर्जाला आम्ही जामीनदार मागतो, सातबारा पाहतो, सही जुळवतो. बहिणीचा जीव हवाली करताना मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

बंधू-भगिनींनो, केवळ ऐकीव आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपण हे विहारात ऐकतो आणि दवाखान्याच्या पायरीवर विसरतो.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता. त्याच्याजवळ कोणी नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. आपल्या १९४९ च्या कायद्यातही नर्सिंग होमला शुश्रूषागृह हाच शब्द आहे. तेव्हा त्याच पाच गुणांनी आपण शुश्रूषागृह पारखू.

पहिला गुण : औषध करण्याची पात्रता. डॉक्टरांची पदवी कोणती, महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता, हे पाटीवर पाहावे. १९४९ च्या कायद्याखालील नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे का आणि त्याची मुदत संपली नाही ना, हे वाचावे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न रात्रीचा. रात्री डॉक्टर कोण असतो? नर्स परिषदेकडे नोंदलेली आहे का? मार्च २०१७ मध्ये आपल्याच मिरज तालुक्यात म्हैसाळ येथे पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला, तेव्हा हे उघडकीस आले. रुग्णालय चालवणाऱ्याकडे होमिओपॅथीची पदवी होती. ज्या मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले, जिला लोक वैद्यकीय पंढरी म्हणतात, तिच्यापासून काही कोसांवर हे घडले. मोठ्या नावाची सावली गावापर्यंत पोचतेच असे नाही.

दुसरा गुण : हितकर ते द्यावे, अहितकर ते दूर ठेवावे. ऑक्सिजन, रक्तपेढीशी जोडणी, रुग्णवाहिका, वीज गेल्यास जनरेटर या हितकर गोष्टी. कुलूप लावलेला मागचा दरवाजा, लोंबणाऱ्या वायरी, जिन्यात रचलेली खोकी या अहितकर. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बालके दगावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्णांचे बळी गेले. सरकारी काय आणि खासगी काय, आग पाटी वाचत नाही. म्हणून बाहेर पडायची दुसरी वाट कोणती, हे खाटेवर बसण्याआधी पाहून ठेवा.

तिसरा गुण : लोभाने नव्हे, मैत्रीने सेवा. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावणे बंधनकारक आहे. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. हे मागताना मान खाली घालू नका. ती भीक नाही, तो हक्क आहे.

चौथा गुण : मलमूत्राची किळस न करणे. याची परीक्षा सोपी आहे. स्वागतकक्ष पाहू नका, संडास पाहा. चादर कधी बदलतात ते शेजारच्या रुग्णाला विचारा. इंजेक्शन देण्याआधी हात धुतात का, सुई नवीन पाकिटातून काढतात का, ते पाहा. कचऱ्यासाठी पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वेगवेगळी भांडी असायला हवीत. सुया आणि केळीची सालपटे एकाच बादलीत दिसली तर समजून जा.

पाचवा गुण : वेळोवेळी धीर देणे, समजावून सांगणे. ऑपरेशन कशासाठी, धोका कोणता, दुसरा मार्ग आहे का, हे आपल्या भाषेत सांगितल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नका. कागदपत्रांची प्रत मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. प्रश्न विचारल्यावर चिडतो तो डॉक्टर कितीही हुशार असो, त्याच्या हाती माणूस देताना दोनदा विचार करा.

पण महावग्गात रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. आजार लपवू नये, औषध वेळेवर घ्यावे, पथ्य पाळावे. आपणही आधीचे कागद घरी ठेवून जातो, दारू-तंबाखू लपवतो आणि काही बिघडले की काचा फोडतो. डॉक्टरांवर हात टाकणे हा २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या शीलाला तर ते मुळीच शोभत नाही. तक्रार असेल तर ती लिहून द्या. महापालिका हद्दीत महापालिकेचा आरोग्य विभाग आहे. हद्दीबाहेर जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक आहेत. पोच घ्यायला विसरू नका.

शेवटी मंडळाला एक सूचना. प्रत्येक वस्तीतून दोन शिकलेली मुले-मुली निवडू या. कोणाच्या घरी बाळंतपण किंवा ऑपरेशन ठरले, की त्यांनी कुटुंबाबरोबर आधी एक फेरी मारावी, हे पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहावीत. याला पैसा लागत नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या शिक्षणाचा हाही एक उपयोग आहे. अडाणी आईबापांना जे विचारता येत नव्हते, ते आपण विचारायचे.

माझी भाची आता सातवीत आहे. तिला भाऊ-बहीण नाही. का नाही, असे तिने अजून मला विचारलेले नाही. विचारील तेव्हा मी खरे सांगणार आहे. तुमच्यापैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, म्हणून आज बोललो.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!