आधी अभय, मग चौकशी



सप्टेंबर १९१९ मध्ये सिमल्याच्या विधिमंडळात इंग्रज सरकारने इंडेम्निटी विधेयक आणले. पंजाबात लष्करी कायदा असताना अधिकाऱ्यांनी जे 'सद्भावनेने' केले, त्याबद्दल त्यांच्यावर दावा चालू नये, असा त्याचा आशय. हंटर समितीचे कामकाज तेव्हा सुरूही झाले नव्हते! पंडित मदनमोहन मालवीयांनी प्रखर विरोध केला; विधेयक मात्र संमत झाले.

तीच 'सद्भावना' पुढे अमेरिकेच्या कायद्यात भेटते. २९ जून २००६ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हमदान खटल्यात निर्णय दिला, की जिनिव्हा करारांचे समान कलम ३ अल-कायदाविरुद्धच्या संघर्षालाही लागू आहे. त्या कलमाचा भंग हा तेव्हा अमेरिकेत फौजदारी गुन्हा होता. बंदिवानांच्या छळाला अनुमती देणाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकली. १७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मिलिटरी कमिशन्स ॲक्टवर स्वाक्षरी केली. गुन्ह्याची व्याख्या १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने आकुंचित झाली. वकिलाच्या सल्ल्यावर सद्भावनेने विसंबल्याचा, २००५ च्या कायद्यातील बचाव ११ सप्टेंबर २००१ पर्यंत मागे नेण्यात आला. 'शत्रू लढवय्ये' ठरलेल्या परकीय बंदिवानांना नुकसानभरपाईच्या दाव्याचे दारही बंद झाले.

सुमारे तीन सहस्र माणसे एका सकाळी गमावलेल्या राष्ट्राने आपल्या रक्षकांना वाऱ्यावर सोडावे काय, हा प्रश्न खोटा नाही. कायदेशीर समजून आदेश पाळणाऱ्या शिपायाला संरक्षण हवेच. पण ते मिळाले कोणाला? अबू घ्रैबचे शिपाई लष्करी न्यायालयापुढे उभे राहिले. एकाला दहा वर्षांची शिक्षा झाली. याउलट, अवयव निकामी होतानाच्या वेदनेइतकी तीव्र वेदना असेल तरच तो शारीरिक छळ, असा अर्थ लावणारे ऑगस्ट २००२ चे टिपण न्यायखात्यातून निघाले होते. सल्ला देणारे सरकारी आणि घेणारेही सरकारी. त्यावर स्वाक्षरी करणारे जे बायबी २००३ मध्ये संघीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

ग्वांतानामोच्या कोठडीत जून २००६ मध्ये मृत्युमुखी पडलेल्या दोघांच्या पित्यांनी अधिकाऱ्यांवर दावा लावला. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये, मृत्यू कसे झाले याच्या खोलात न शिरता, तो फेटाळला. त्या कायद्यानुसार असा दावा ऐकण्याचा अधिकारच न्यायालयाला उरला नव्हता. कायदा झाला होता तो त्या मुलांच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी.