कुंडीतला नेचा



आज आपण एका झाडाविषयी बोलू. या झाडाला फूल येत नाही, फळही येत नाही. मग असलं झाड घरात कशाला, असं कुणी विचारील. विचारायलाच हवं. दारात, खिडकीत थोडा हिरवेपणा असला की मन प्रसन्न राहते. पण तो हिरवेपणा घरातल्या मुक्या जिवांवर उठता कामा नये. या दोन्ही गोष्टी साधणारे हे झाड आहे. त्याचे नाव नेचा. शहरातले लोक त्याला फर्न म्हणतात.

नेचा तुम्हाला नवा नाही. जुन्या दगडी विहिरीत डोकावून बघा. दगडांच्या सांध्यांतून बारीक, नाजूक पाने लोंबताना दिसतील. तो नेचाच. पावसाळ्यात आंबोलीच्या, महाबळेश्वरच्या डोंगरात तो जागोजाग दिसतो. ३५ कोटी वर्षांपूर्वीही पृथ्वीवर नेचे होते. माणूस फार नंतर आला.

फूल नाही, तर बी कुठून येते? नेच्याला बी नसतेच. पान उलटे करून बघा. पाठीमागे तपकिरी ठिपके असतात. त्यांत धुळीसारखी बारीक बीजुके असतात. ती ओल्या जागी पडली की आधी नखापेक्षा लहान अशी हिरवी चकती उगवते. मग त्या चकतीतून नेच्याचे रोप निघते. पण त्यासाठी चकतीवर पाण्याचा ओलावा लागतो. म्हणून नेचा ओल सोडून फार लांब जात नाही.

कुंडीसाठी जो नेचा बहुतेक ठिकाणी मिळतो, त्याला बोस्टन नेचा म्हणतात. बोस्टन हे अमेरिकेतले शहर. १८९४ साली तिकडे पाठवलेल्या रोपांत एक वेगळे, खाली झुकणाऱ्या पानांचे रोप सापडले. त्यावरून हे नाव पडले. हा नेचा दोन-तीन फूट पसरतो. ज्यांचे घर लहान आहे, त्यांनी त्याचा ठेंगणा भाऊबंद घ्यावा. त्याला लेमन बटन म्हणतात. त्याची पाने सदऱ्याच्या गुंड्यांसारखी गोल असतात. तो साधारण एक फूट वाढतो. कोनाड्यातही मावतो.

आता मुद्द्याची गोष्ट. घरात मांजर असते, कुत्र्याचे पिल्लू असते, दाराशी शेळीचे करडू असते. रांगते मूलही असते. या सगळ्यांना एकच खोड. समोर दिसेल ते तोंडात घालायचे. आणि आपण शोभेसाठी काय लावतो? कण्हेर लावतो. कण्हेरीचे पान, फूल, खोड, सगळे विषारी. ते हृदयावर घाला घालते. जनावरालाही आणि माणसालाही. बांधावरची घाणेरी गुरांनी खाल्ली तर त्यांचे यकृत बिघडते. मनीप्लांट पुष्कळ घरांत असतो. त्याचे पान मांजराने चावले तर तोंडाची आग होते, लाळ गळते.

बोस्टन नेचा तसा नाही. अमेरिकेत प्राण्यांना होणारा छळ थांबवण्यासाठी १८६६ साली एक संस्था निघाली. कुत्र्यामांजरांना कोणती झाडे विषारी आणि कोणती नाहीत, याची यादी ती संस्था ठेवते. बोस्टन नेचा त्या यादीत बिनविषारी म्हणून नोंदलेला आहे. पण बिनविषारी म्हणजे चारा नव्हे. मांजराने पोटभर पाला खाल्ला तर ते ओकणारच. म्हणून कुंडी थोडी उंचावर ठेवावी.

इथे एक इशारा दिला पाहिजे. 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.' रोपवाटिकेत अ‍ॅस्परॅगस फर्न नावाचे एक झाड मिळते. नावात फर्न आहे, पण तो नेचा नव्हे. त्याला फुले येतात, लाल फळे येतात. ती फळे कुत्र्यामांजरांनी खाल्ली तर उलट्या, जुलाब होतात. आणि खरे नेचे सगळेच निर्धोक असतात, असेही नाही. डोंगराळ भागात ब्रॅकन नावाचा नेचा असतो. तो गुरांनी फार दिवस खाल्ला तर त्यांच्या लघवीतून रक्त जाते. म्हणून रोप घेताना त्याला लावलेली चिठ्ठी वाचा. नुसते 'फर्न' वाचून थांबू नका, पुरते नाव वाचा. चिठ्ठी नसेल तर विचारा आणि नाव कागदावर लिहून घ्या. आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. ते अशाच वेळी कामी यावे.

आता निगा कशी राखायची ते ऐका. फार कठीण नाही. नेच्याला काय हवे, हे त्या विहिरीनेच आपल्याला सांगितले आहे. तिथे सावली आहे, पण काळोख नाही. ओल आहे, पण मुळे पाण्यात बुडालेली नाहीत. हवा दमट आहे. एवढेच आपल्याला घरात करायचे आहे.

कुंडी सहा इंचांची घ्यावी. तिच्या बुडाला भोक हवेच. एक भाग माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण करावे. मूठभर वाळू घालावी. ताजे शेण घालू नये, त्याने मुळे जळतात. कुंडी उजेडाच्या खिडकीजवळ ठेवावी. सकाळचे कोवळे ऊन चालते. दुपारचे ऊन लागले की पाने करपतात. चुलीच्या धगीजवळही ठेवू नये.

पाणी केव्हा घालायचे? बोट मातीत पेराएवढे खुपसून बघा. वरची माती सुकू लागली असेल तर पाणी घाला. ओली असेल तर राहू द्या. उन्हाळ्यात रोज बघा. पावसाळ्यात पाणी कमी लागते. अति तेथे माती, हे इथेही खरे आहे. रोज तांब्याभर पाणी ओतले तर मुळे कुजतात. एका ताटलीत खडे पसरून त्यांत थोडे पाणी ठेवावे आणि कुंडी खड्यांवर ठेवावी. कुंडीचे बूड पाण्याला टेकू नये. वैशाखातही मग झाडाभोवतीची हवा थोडी दमट राहते.

पानांची टोके तपकिरी झाली तर बहुधा हवा कोरडी आहे किंवा पाणी कमी पडते आहे. वाळलेले पान बुडापासून कापून टाका. पानामागचे ठिपके सारखे, ओळीने असतील तर ती बीजुके आहेत, कीड नव्हे. पण ठिपके वेडेवाकडे, देठावरही असतील आणि नखाने सुटून येत असतील, तर ती खवल्यांची कीड आहे. ती ओल्या फडक्याने पुसून काढा.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कपाशीवर मारायचे औषध घरातल्या नेच्यावर कधीही मारू नका. झाड बिनविषारी असले तरी त्यावर मारलेले औषध विष आहे. ज्या मांजरासाठी आपण हे झाड निवडले, तेच ते पान चाटील.

एवढे करूनही एखाद्या जनावराने भलतेच झाड खाल्ले, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. त्या झाडाची एक फांदी सोबत घ्या आणि जनावरांचा दवाखाना गाठा. मुलाने खाल्ले तर माणसांचा दवाखाना गाठा. काय खाल्ले ते डॉक्टरांना कळले की उपचार लवकर होतो.

नेच्याचा गड्डा दोन-तीन वर्षांत कुंडीभर होतो. मग पावसाळ्याच्या सुरुवातीला तो मुळांसकट दोन-तीन ठिकाणी कापावा. एक भाग आपण ठेवावा, बाकीचे शेजाऱ्यांना द्यावेत. डोंगरातले नेचे मात्र उपटून आणू नयेत. त्यांची जागा तिथेच आहे. शेजाऱ्याला रोप देताना त्याचे नाव एका चिठ्ठीवर लिहून कुंडीला बांधा. म्हणजे रोपासोबत त्याची माहितीही त्या घरात जाईल.