बेसबॉल कार्डावरचा बिल्ला



अमेरिकेत बेसबॉलपटूंची कार्डं जमवणारे हौशी पुष्कळ.
काही कार्डांत कापडी बिल्ला बसवलेला असतो.
सुबक भरतकाम केलेला.

हा बिल्ला खेळाडूच्या अंगावरचा का?
नाही!
तो खास कार्डासाठीच कारखान्यात बनतो.
एखाद्या जुन्या सामन्याची,
एखाद्या खेळाडूची आठवण म्हणून.

कार्डं काढणाऱ्या टॉप्स कंपनीनं जुना बेसबॉलपटू बेब रूथ याच्या नावानंही असे बिल्ले काढले.
रूथ तर १९४८ सालीच गेला!

खऱ्या जर्सीचे तुकडे घातलेली कार्डं वेगळी.
बेसबॉलमध्ये ती अप्पर डेक कंपनीनं १९९७ साली आणली.
ती सहसा महाग.

पुन्हा सांगतो,
स्मरणबिल्ला कारखान्यातलाच.
देखणा असतो, स्वस्तात मिळाला तर जरूर घ्या.
मात्र पैसे देण्याआधी,
बिल्ला आहे की खऱ्या जर्सीचा तुकडा हे पाहायला कार्डाची मागची बाजू नीट वाचा.